काळ्या वाळूतली साडी

१

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता गणपत वॉचमन मागच्या फाटकातून आत आला. त्याच्या दोन्ही हातांत ओल्या कापडाचं बोचकं होतं आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

"भिंतीच्या बुडाशी वाळूत पडलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, मांडववाल्यांचं काही असेल."

ओसरीवर बायका पापड मोजत होत्या. सुंदराने त्या बोचक्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातला डबा तसाच राहिला. मोतिया रंगाचं रेशीम, हिरवे काठ. त्यावरचा एकेक टाका तिने स्वतः घातला होता. सुरतच्या लिंबायत वस्तीतल्या एका खोलीत खिडकीपाशी बसून सुट्टीचे सगळे रविवार तिने त्या साडीला दिले होते. उद्या अक्षता पडताना मयुरी ती साडी नेसणार होती.

सुंदराने बोचकं फरशीवर ठेवून सोडवलं. आत साडी नव्हती, साडीचे तुकडे होते.

मयुरी जिन्यावरून धावत आली. तिने तोंडावर हात ठेवला आणि मग मटकन सुंदराच्या मांडीशी बसली. "माय," ती एवढंच म्हणाली.

मयुरी सुंदराची मुलगी नव्हती. ती या बंगल्याच्या मालकाची, भटूशेठची धाकटी लेक. पण तिच्या जन्मानंतर तिची आई मंगलाबाई वर्षभर आजारी होती. तेव्हा लिंबायतमध्ये दोघींच्या खोल्या भिंतीला भिंत लागून होत्या. सुंदराने आपली पूजा एका अंगाला आणि मयुरीला दुसऱ्या अंगाला घेऊन दोघींना पाजलं. बोलायला लागल्यापासून पूजाचं ऐकून मयुरीही तिला 'माय' म्हणू लागली, ती आजतागायत.

मंगलाबाई वरून खाली आल्या. तुकड्यांकडे पाहून भिंतीला टेकल्या. कुणीतरी त्यांना पाणी दिलं.

"पावणेसातला मी कपाट उघडलं तेव्हा साडी होती," मयुरी म्हणाली. "मग पप्पांबरोबर देवळात गेले. आत्ता आलेय."

तेवढ्यात भटूशेठची सून प्रियांका, दोन्ही हातांवरची वाळत आलेली मेंदी पुढे धरून म्हणाली, "मी नाव घेणार नव्हते. पण सव्वासातला माझी मेंदी काढून झाल्यावर पूजा मागच्या फाटकाने समुद्रावर गेली. आली तेव्हा तिचे पाय ओले होते आणि पोटरीपर्यंत काळी वाळू होती."

सगळ्यांच्या माना पूजाकडे वळल्या.

२

भटूशेठ वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या दारात उद्या पाचशे माणसं येणार होती. आज चार वाजता नवऱ्याकडचे लोक हळद घेऊन येणार होते.

"सुंदराबाई, मला तमाशा नको," त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं. "माझा पोरगा ललित पोलिसांना फोन करायला निघाला होता, मी थांबवलाय. पोरीला घेऊन तुम्ही लिंबायतला जा. चूक झाली म्हणा, मी विसरून जाईन."

"चूक तिने केलीच नाही तर?"

"मग कुणी केली?"

"तीन वाजेपर्यंत थांबा, भाऊ. तेवढ्यात नाही सांगता आलं, तर आम्ही मायलेकी तुमच्या घराची पायरी पुन्हा चढणार नाही."

बोलून तर गेली, आणि मग सुंदरा मागच्या खोलीत पूजासमोर जाऊन बसली.

"गेली होतीस समुद्रावर?"

"गेले होते. प्रियांकावहिनीने तीनदा डिझाइन पुसायला लावली, डोकं फिरलं होतं माझं. जरा वारा खायला गेले. पाणी कुठे होतं तिथे! पार आत गेलं होतं. दहा पावलं पुढे गेले तर पाय गाळात रुतले. नळावर नुसती पावलं धुऊन आत आले." पूजाने आवाज खाली आणला. "माय, खरं सांगू? त्या साडीचा मला राग यायचा. माझ्या लग्नासाठी तू कधी एक रुमालसुद्धा भरला नाहीस."

हेव्याचं सुंदराला नवल नव्हतं. तीस वर्षांपूर्वी पारोळ्याहून एकाच एसटीने त्या दोघी, मंगला आणि ती, नवऱ्यांच्या मागे सुरतला आल्या. दोघींचे नवरे एकाच लूम कारखान्यात, एकाच पाळीला. भटूने दोन मशिनं घेतली, मग दहा, मग भरतकामाचा कारखाना. सुंदराचा नवरा चाळिशीत गेला. भटूने डुमसला समुद्राच्या तोंडावर बंगला बांधला, तेव्हा वास्तुशांतीला सुंदराने पुरणपोळ्या लाटल्या आणि रात्री घरी जाऊन उपाशी झोपली. मंगलाच्या अंगणातलं हिरवळीचं एकेक पातं तिला टोचायचं. हे तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

पण आपल्या पोरीला ती ओळखत होती. पूजा तोंडावर भांडणारी. चोरून कापणारी नव्हे.

पण आईचं मन कोण पुरावा म्हणून घेणार? सुंदरा उठली. उधन्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, कापड रंगवून छापायच्या कारखान्यात, तिने सतरा वर्षं कापड तपासलं होतं. दिव्याच्या काचेवरून कापड सरकत जायचं आणि जिथे सूत तुटलं, जिथे डाग पडला, तिथे ती खडूने खूण करायची. ठेकेदार म्हणायचे, या बाईच्या नजरेतून दोष निसटत नाही.

तिने तुकड्यांचं ते बोचकं उचललं आणि त्यातल्या एका तुकड्याची कड सरळ जिभेला लावली.

"माय! काय करतेस?"

सुंदराने पोरीकडे पाहिलं. "हे पाणी खारं नाहीये."

३

दोघींनी गच्चीत दार लावून घेतलं. सुंदराने स्वच्छ चादर अंथरली आणि एकेक तुकडा त्यावर मांडायला घेतला.

तुकड्यांना वाळू होती, पण फक्त वरून चिकटलेली. बोटाने पुसली की निघत होती. समुद्राचं पाणी प्यायलेल्या कापडाच्या घडीघडीत रेती बसते. आणि गाळाचा तर कुठे ठिपकाही नव्हता. म्हणजे साडी समुद्रात गेलीच नव्हती. घरातल्या नळाखाली भिजवून कुणीतरी ती भिंतीवरून वाळूत टाकली होती.

"पण कापायचीच होती, तर भिजवली कशाला?" पूजाने विचारलं.

"तेच बघायचंय."

मधल्या एका तुकड्यावर सुंदराचं बोट थांबलं. मोतिया रेशमावर फिकट लाल छटा होत्या, एका ओळीत चार. कुणीतरी मुठीत धरल्यासारख्या. तिने वास घेतला. साबणाचा वास.

"कुंकू?" पूजा म्हणाली.

"कुंकू नाही. हळदीला साबण लागला की ती अशी लाल होते. तू लहानपणी माझ्या पदराला हळदीचे हात पुसायचीस, तेव्हा धुताना व्हायचं तसं." सुंदरा टाचांवर बसली. "जिने कापली तिच्या हाताला हळद होती. बोटं उमटली म्हणून घाबरून साबणाने धुवायला गेली, तर डाग जायच्या ऐवजी लाल झाले. मग ओली साडी कपाटात कशी ठेवणार? समुद्रात गेल्यासारखी दिसावी म्हणून वाळूत टाकली."

"माझे हात बघ," पूजाने तळवे पुढे केले. बोटांना मेंदीच्या कोनाचे तपकिरी डाग होते, हळदीचा मागमूस नव्हता.

"ते मला दिसतंय. भटूभाऊंना दिसायला हवं."

खाली सोनाली, भटूशेठची थोरली लेक, गॅलरीत एकटीच बसली होती. दोन वर्षांपूर्वी सोडचिठ्ठी घेऊन ती माहेरी आली होती. धाकट्या बहिणीचं लग्न तिच्या डोळ्यांत सलत होतं, हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं. सुंदराला पहिला संशय तिचाच होता.

"या मावशी. मलाच विचारायला आलात ना?" सोनाली हसली. "सगळे तेच म्हणतायत, फक्त हळू आवाजात."

"तू सकाळी कुठे होतीस?"

"रोज असते तिथे. सहाला समुद्रावर चालायला गेले. ओहोटी लागलेली, सातपर्यंत पाणी दिसेनासं झालं. आजचं शेवटचं पाणी मध्यरात्रीनंतर कधीतरी भिंतीपर्यंत आलं असेल, पुढचं दुपारी येईल. साडी समुद्राने आणून टाकली, असं कुणी म्हणत असेल तर त्याने समुद्र बघितलेला नाही."

"आणि सकाळी जात्यावर हळद दळली, तेव्हा?"

सोनालीचा चेहरा उतरला. "आत्यांनी जात्याला हातसुद्धा लावू दिला नाही. सोडलेल्या बाईने लग्नाच्या हळदीला शिवू नये म्हणे. मम्मी समोर होती, काही बोलली नाही." तिने नजर वळवली. "हेवा वाटतो मला मयुरीचा, मावशी. नाही कशाला म्हणू? पण ती साडी मला आवडायची. मी तिच्याकडे मागितलीही होती, नंतर नेसायला."

गोरेपान, कोरे हात तिच्या मांडीवर पडलेले होते.

आता उरली प्रियांका. सुंदराने तिला स्वयंपाकघरात गाठलं. ती सुरतचीच, बोलण्यात गुजराती सहज यायची.

"हूं सुं करूं, मासी? काय करणार मी? पाहिलं ते सांगितलं," प्रियांका म्हणाली. "मला राग होताच. लग्नासाठी मी अडीच महिने फिरून लेहेंगा पसंत केला होता. मयुरी म्हणाली, मायची साडी नेसणार. घरात मला कोण विचारतं? पण हे हात बघा. साडेसहा ते साडेआठ, मला पाण्याचा ग्लाससुद्धा धरता येत नव्हता."

खरंच होतं. ओल्या मेंदीच्या हाताने रेशीम धरलं असतं, तर हिरवा चिखल उमटला असता.

"मेंदीवर लिंबू-साखरेचा बोळा कुणी लावला तुला?"

"मम्मींनी. हळद झाल्यावर हात न धुताच आल्या, माझ्या मनगटाला पिवळं लागलं, हे बघा. दोन मिनिटं लावला आणि डोकं दुखतंय म्हणून वर गेल्या. साडेसात झाले असतील."

सुंदरा त्या मनगटावरच्या पिवळ्या बोटाकडे बघत राहिली. जात्यावर मंगलासोबत दोन आत्या होत्या. पण त्या तर हळद झाल्यापासून ओसरीवरच पापडांपाशी, सुंदराच्या डोळ्यांसमोर बसलेल्या होत्या.

नाही, ती मनाशी म्हणाली. नाही. कुठली आई असं करेल?

४

ती पुन्हा गच्चीवर गेली. पूजाने तोवर तुकडे जोडून साडी जवळजवळ पूर्ण मांडली होती.

सुंदराने आता डाग नाही, काप पाहिले. वेडेवाकडे नव्हते. संतापलेली बाई कात्री भोसकते, ओढते, फाडते. इथे प्रत्येक काप आडव्या सुताला धरून, सरळ रेषेत गेला होता. कापडाच्या ताक्यातून साड्या वेगळ्या करणाऱ्या बायका कापतात तसा. लिंबायतला घरोघरी ते काम चालायचं. सोनालीच्या आणि प्रियांकाच्या पिढीने ते कधी केलं नव्हतं. सुंदराने केलं होतं. आणि तिच्याच शेजारी बसून, तिच्याहून झपाट्याने, मंगलाने.

"माय, एक तुकडा कमी आहे," पूजा म्हणाली.

पदराचा कोपरा नव्हता. त्या कोपऱ्यावर सुंदराने निळ्या-हिरव्या रेशमाने एक मोर भरला होता आणि त्याच्या पायाशी बारीक अक्षरांत 'मयुरी'. भोवतीचं कापड चौकोनी, जपून कापलेलं होतं. एक टाकाही तुटू दिलेला नव्हता.

सुंदराने त्या रिकाम्या चौकोनाच्या कडेवरून बोट फिरवलं. दुपारची भरती येऊ लागली होती. भिंतीपलीकडे काळ्या वाळूवर पाण्याची पहिली जीभ सरकत आली.

नवरीचा हेवा असता, तर कात्री सगळ्यांत आधी त्या नावावर चालली असती. जिने ही साडी चिरली, तिने नाव मात्र जिवापाड वाचवलं आणि ठेवून घेतलं. तिचा राग नेसणारीवर नव्हताच. भरणारीवर होता.

"कोण आहे, माय?" पूजाने विचारलं.

"तू दिवाणखान्यात जाऊन थांब," सुंदरा म्हणाली. ती उठून मंगलाच्या खोलीकडे निघाली.

५

"दार उघड, मंगला."

"मनं डोकं दुखी राहीनं."

"माहीत शे. उघड."

कडी निघाली. अंधार केलेल्या खोलीत मंगलाबाई पलंगावर जाऊन बसल्या. एसी चालू होता, समुद्राकडचे पडदे ओढलेले होते. या बंगल्यात येऊन सहा वर्षं झाली तरी मंगला एकदाही वाळूवर उतरली नव्हती. तिथे पूर्वी मसणवट होती, चितेच्या राखेने वाळू काळी झाली, असं लोक म्हणायचे आणि ती ते खरं मानायची. पाणी कधी येतं आणि कधी जातं, हे तिला माहीत असायचं कारणच नव्हतं.

"हात दखाड," सुंदरा म्हणाली.

मंगलाने हात पदराखाली घेतले. मग आपणच बाहेर काढले. नखांच्या कडा पिवळ्याजर्द होत्या.

सुंदराने सगळं सांगितलं. पाणी, साबण, सूत, कोपरा. हळू आवाजात, एकापुढे एक. मंगलाने एकदाही नाही म्हटलं नाही. शेवटी तिने उशीखाली हात घातला आणि मोराचा तुकडा काढून दोघींच्या मध्ये ठेवला.

"का व, मंगला? तुझ्याकडे काय नव्हतं?"

"मनी पोर शे ती, सुंदरा. मनी!" मंगलाचा आवाज फुटला. "आनि ती तुले माय म्हनस, माले मम्मी. ताप आला की तुला फोन. मुलगा पसंत पडला, ते आधी तुला सांगितलं, मला आठ दिवसांनी. मी येवल्याला जाऊन पैठणी आणली, दोन लाखांची. तिने घडीसुद्धा मोडली नाही. 'मायने भरलेली नेसणार.' मी आजारी पडले, तो माझा गुन्हा होता का? एक वर्ष तू पाजलंस, आणि मी पंचवीस वर्षं केलं ते कुठे गेलं?"

तीस वर्षं सुंदरा या बाईच्या घराकडे, गाडीकडे, गळ्यातल्या सोन्याकडे बघून जळत होती. आणि ही इथे, एवढ्या मोठ्या पलंगावर, तिच्यावर जळत होती. सुंदराच्या मनात क्षणभर काहीतरी गोड उसळलं. जिंकल्यासारखं. मंगला तिच्यासमोर खाली मान घालून बसली होती, आणि हे बघण्यासाठी सुंदराने किती दिवस काढले होते! मग तिला मागच्या खोलीतला पूजाचा चेहरा आठवला.

"माझ्या पोरीला चोर ठरवलं खाली. तू तिथेच उभी होतीस. गप्प राहिलीस."

"मी सांगते, कुणीतरी बाहेरचं आलं होतं म्हणून. पूजावरचा आळ जाईल. लग्न होऊ दे, सुंदरा."

"बाहेरच्याच्या हाताला या घरची हळद लागत नसते. आज मी गप्प बसले, तर उद्या तो डाग सोनालीवर जाईल. आत्ताच अर्धं घर तिच्याकडे बघतंय. तिच्यावर ढकलशील?"

मंगलाने मान हलवली. नाही.

"मग तूच सांग. मी सांगणार नाही. तुझ्या तोंडून निघालं तर ते घरात राहील. माझ्या तोंडून निघालं तर लिंबायतपर्यंत जाईल, मी स्वतःला ओळखते."

मंगला उठली. आरशापुढे उभी राहून तिने पदर सारखा केला, आणि जिना उतरू लागली. सुंदरा दोन पायऱ्या मागे होती. पावणेतीन वाजले होते.

दिवाणखान्यात घरचीच माणसं होती. मंगला भटूशेठकडे न बघता पूजासमोर जाऊन थांबली.

"साडी मी कापली," ती म्हणाली. "तुझ्यावर आळ आला तेव्हा मी बोलले नाही. ते कापण्याहून वाईट होतं."

भटूशेठ खुर्चीतून अर्धा उठला आणि तसाच राहिला. प्रियांकाने जीभ चावली. सोनाली आईकडे टक लावून बघत होती, जणू तिला पहिल्यांदा बघत होती.

मयुरी पुढे आली. "मम्मी, तू एकदा मागितलं असतंस, तर मी तुझी पैठणी नेसले असते."

"मागावं लागलं असतं," मंगला म्हणाली. "तेच तर."

६

दुसऱ्या दिवशी मयुरीने ना पैठणी नेसली, ना दुसरी काही रेशमी. मामाकडून आलेली साधी पिवळी साडी नेसून ती उभी राहिली आणि अक्षता पडल्या. प्रियांकाने पूजाची माफी मागितली, पण चारचौघांत नाही, हात धुताना, नळापाशी. पूजा म्हणाली, "चालेल, वहिनी." चालणार नव्हतं, हे दोघींनाही कळलं. भटूशेठने सुंदराला वरपक्षाच्या पंगतीत बसवलं. मंगला सगळ्यांशी हसून बोलत होती, फक्त मयुरी तिच्याशी बोलत नव्हती.

दुपारी चार वाजता गाडी फुलं लावून दारात उभी राहिली. मयुरी एकेकाच्या पाया पडत आली. वडील, भाऊ, सोनाली. सोनालीने तिला इतकं घट्ट धरलं की आत्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग आईसमोर ती वाकली, पायांना हात लावला न लावला, आणि सरळ पुढे येऊन सुंदराच्या गळ्यात पडली. "माय," म्हणून हुंदके देऊ लागली.

सगळं अंगण बघत होतं. मंगला हात खाली सोडून तशीच उभी होती, जशी पाहुणी उभी असते.

सुंदराने पोरीला छातीशी धरलं. केसांतल्या मोगऱ्याचा वास घेतला. आणखी थोडा वेळ धरावंसं वाटलं, तेवढा वेळ तिने धरलं. मग दोन्ही खांद्यांना पकडून तिला फिरवलं.

"आईला भेट," ती म्हणाली.

"माय, मला नाही—"

"भेट म्हणते ना. घर भरलेलं असलं तरी ती एकटीच उरणार आहे इथे."

मयुरी दोन पावलं गेली आणि थांबली. मग मंगलानेच हात उचलले, भीतभीत, परक्याच्या लेकराकडे उचलावेत तसे. पोर त्यात शिरली. पहिल्यांदा ताठ होती. मग तिचे खांदे सैल झाले आणि आईच्या मानेत तोंड खुपसून ती रडू लागली. लहानपणी दुसऱ्या कुणाच्या मानेत रडायची, तशीच.

पूजाने सुंदराच्या कोपराला हात लावला. "चल माय, रिक्षा थांबलीय."

"थांब जरा," सुंदरा म्हणाली.

तिनेच त्या दोघींना जवळ आणलं होतं. तरीही त्यांना तसं बघताना तिला काहीतरी टोचलं, मंगलाच्या अंगणातलं हिरवळीचं पातं टोचायचं तसंच. गाडी वळणाआड जाईपर्यंत ते टोचणं काही थांबलं नाही.